तीन घरांची रेसर

"पुढच्या महिन्यात हा हंबीरराव कारखान्यात कायम! लिहून ठेवा!"

ग्रामपंचायतीसमोरच्या कट्ट्यावर उभं राहून हंबीररावानं हे जाहीर केलं, तेव्हा कट्ट्यावर बसलेल्यांपैकी एकानंही ते लिहून ठेवलं नाही. एकानं तंबाखू मळली, दुसऱ्यानं ती झटकली आणि तिसरा शिंकला. बस्स!

हंबीरराव हे नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढं पिळदार मिशांचा, दारातून वाकून आत येणारा गडी उभा राहिला असेल, तर त्याला आधी बसवा. आमचा हंबीरराव दारातून उडी मारत आला तरी त्याचं डोकं चौकटीला लागत नसे. बी.कॉम. होऊन तीन वर्षं झाली होती. इस्लामपूरपासून साताऱ्यापर्यंत अर्ज करायची एकही कचेरी त्यानं सोडली नव्हती. आता तर पोस्टमनसुद्धा त्याला बघून लांबूनच नकारार्थी मान हलवायचा. घरी रोज जेवताना आई काही बोलत नसे, आणि तिचं ते न बोलणंच त्याला ताटावरून लवकर उठवत असे.

अशात साखर कारखान्याचा रौप्यमहोत्सव आला. कारखान्यानं सायकल शर्यत जाहीर केली. इस्लामपूर ते सांगली! पहिला येईल त्याला शाल नाही, श्रीफळ नाही, थेट कामगारांची हजेरी लिहिणाऱ्या टाइम ऑफिसात कायम नोकरी! हंबीरराव कॉलेजला असताना रोज वीस मैल सायकल हाणायचा. वाऱ्यातून, उसाच्या ट्रॅक्टरांमधून, पंक्चर चाकावरूनसुद्धा! त्याला वाटलं, ही नोकरी आपल्यासाठीच काढली आहे. फक्त सायकल तेवढी नव्हती. जुनी होती ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या फीमध्ये गेली होती.

"पाय तुझ्याकडं हायत लेका," त्याचा मित्र प्रबुद्ध म्हणाला. "पर साध्या सायकलवर गेलास तर शर्यतीचं बक्षीस वाटून झाल्यावर पोचशील. रेसर पायजे. वाकड्या हँडलची."

प्रबुद्ध पंचायत समितीत क्लार्क होता. कॉलेजात असताना तो विद्यापीठाकडून शर्यती मारून आला होता. त्याची स्वतःची रेसर आता धाकट्या भावाबरोबर पुण्याला गेली होती, नाहीतर ही कथा इथंच संपली असती आणि सगळ्यांचं भलं झालं असतं.

"हे बघ, आपल्या पैशात गिअरवाली येत न्हाई, तिच्याकडं बघूच नको," प्रबुद्ध म्हणाला. "बिनगिअरची घे. वजनाला हलकी. चाक फिरवून बघ, लचकत नसंल तर झालं. रंगाच्या नादाला लागू नको. आणि मुख्य म्हंजे माप! दोन्ही पाय जमिनीला टेकवून, दांडी दोन पायांत घेऊन उभं ऱ्हायचं. दांडी आणि आपण, मधी चार बोटं जागा ऱ्हायली पायजे. जागा न्हाई, तर मग सायकल तू चालवत न्हाईस, सायकल तुला चालवते."

हंबीररावानं हे सगळं तोंडपाठ केलं. आता पैसे.

घरात पैसे कुणाकडं असणार? तीन घरं, पण रान एकाला एक लागून आणि विहीर तिघांत मिळून एक. थोरले चुलते नाथाजी तात्या, मिलिटरीतनं हवालदार म्हणून रिटायर झालेले. मधले हंबीररावाचे वडील आबा, जे तात्या बोलतील त्याला मान हलवायचे आणि तात्या गप्प बसले तर वाट बघायचे. आणि धाकट्या चुलत्याच्या मागं सगळा प्रपंच एकटीनं ओढणारी चंद्राकाकू. हंबीरराव तिन्ही घरांत फिरला.

"देतो की," तात्या म्हणाले. "पर हे दान न्हाई. वाटा हाय. ध्यानात ठेव."

"माझाबी वाटा घे," चंद्राकाकू म्हणाली. "पर हंबीरा, ती सायकल माझ्याबी कामाला ईल न्हवं?"

"यील की काकू! न यायला काय झालं!"

माणसाच्या तोंडून आयुष्यात एखादं वाक्य असं निघतं, की नंतर त्याला ते परत गिळायला मिळावं म्हणून तो वाट्टेल ते द्यायला तयार होतो. हंबीररावाचं ते हेच वाक्य.

सायकल घ्यायला सांगलीला हंबीरराव आणि प्रबुद्ध दोघंच जाणार होते. पण वाटा आहे म्हटल्यावर तात्या निघाले. तात्या निघाले म्हणून आबा निघाले. काकू म्हणाली, माझे पैसे कशात जातात ते मला बघू दे. आणि सायकल एसटीच्या टपावर चढवायला माणूस लागेल म्हणून तात्यांचा मुलगा अर्जुना निघाला. हा अर्जुना म्हणजे तालमीतला गडी. त्याच्या एका मांडीत दोन हंबीरराव झाले असते आणि वर थोडं उरलं असतं. बोलायला मात्र मऊ, आणि रस्त्यात सापडलेलं बटणसुद्धा मालक शोधून परत करणारा.

असं हे वऱ्हाड सांगलीच्या दुकानात शिरलं. दुकानदाराला वाटलं, हुंड्यात सायकल द्यायची आहे!

"रेसर दाखवा," हंबीरराव म्हणाला.

दुकानदारानं दाखवली. तात्यांनी कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारली. मग टायर दाबला. मग घंटी शोधली.

"हिला मडगार्ड कुठाय?"

"रेसरला नसतं, साहेब."

"स्टँड?"

"नसतो."

"कॅरिअर?"

"नसतं."

"घंटी तरी?"

"नसते."

"मग पैसे कशाचे घेताय?"

"नसल्याचेच!" दुकानदार म्हणाला. "रेसरचं असंच असतंय बघा. जितकं कमी, तितकं म्हाग."

तात्यांनी आबांकडं बघितलं. आबांनी मान हलवली. काकूनं पदर तोंडाला लावला आणि पुटपुटली, "बिचारीला काय खायाला घालत न्हाईत व्हय हितं? निस्ती हाडं!"

आपल्या पैशात बसतील अशा दोनच रेसर दुकानात होत्या. एक तांबडी, एक निळी. तांबडी बुटकी होती. हंबीरराव तिची दांडी दोन पायांत घेऊन उभा राहिला. मध्ये बरोबर चार बोटं! त्यानं हँडल धरलं आणि त्याच्या अंगातून जी काय शिरशिरी गेली म्हणता! त्याला टाइम ऑफिस दिसलं, खुर्ची दिसली, खुर्चीवरचा टॉवेल दिसला, आणि पहिला पगार आईच्या हातात ठेवताना तिच्या डोळ्यांत आलेलं पाणीसुद्धा दिसलं.

"हीच!" तो म्हणाला.

"हीच," प्रबुद्ध म्हणाला.

"ह्या निळीची किंमत काय?" तात्यांनी विचारलं.

"तेवढीच," दुकानदार म्हणाला. "फक्त फ्रेम मोठी हाय. उंच माणसाची."

इथंच घात झाला!

"तेवढीच?" तात्यांचा आवाज चढला. "एकाच पैशात मोठी मिळतीया, आणि आपण ल्हान न्यायची? गावात तोंड कुठं दाखवायचं?"

"तात्या, पण माप..."

"मापाचं काय? सदरा कसा घेतो आपण? वाढत्या अंगाचाच घेतो न्हवं?"

"तात्या, मी चोवीस वर्षांचा हाय!"

"मग? अजून वय हाय की!"

काकूनंही निळीच्या दांडीवर हात फिरवला आणि लोखंड जास्त असल्याची खात्री करून घेतली. अर्जुनाला उभं करून बघितलं. त्याला ती अशी बसली, की जणू शिंप्यानं मापं घेऊन शिवली होती. हंबीररावाला उभं केलं, तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकले खरे, पण टेकताक्षणी त्याच्या चेहऱ्याचा रंग सायकलीच्या रंगासारखा झाला.

"तात्या, मापात न्हाई बसली तर पोरगं शर्यत हरंल," प्रबुद्ध कळवळून म्हणाला.

"प्रबुद्धा, तुझा वाटा हाय का हिच्यात?"

"न्हाई."

"मग गप ऱ्हा बाबा."

दुकानदारानं सीट खाली दाबून दाबून अगदी बुडाला नेली आणि निळी रेसर एसटीच्या टपावर चढली. एसटी दुकानासमोरून गेली, हंबीररावानं खिडकीतून बाहेर बघितलं तेव्हा दुकानाच्या दारात तांबडी एकटीच उभी होती. त्याला रडावंसं वाटलं. शेजारी बसलेल्या काकूनं त्याला प्रेमानं एक केळं सोलून दिलं.

घरी आल्यावर काकूनं सायकलला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हँडलला लिंबूमिरची बांधली. मग तात्यांनी तिन्ही घरांना ओसरीवर बसवलं.

"सायकल सामायिक हाय," ते म्हणाले. "सामायिक चीज कशी वापरायची, ते आपल्याला आपल्या विहिरीनं शिकवलंय. बारा ते बारा! दुपारी बाराचा भोंगा झाला की पाळी बदलली. आज माझं घर, उद्या आबाचं, परवा चंद्राचं. एक मिनिट हिकडं न्हाई, एक मिनिट तिकडं न्हाई!"

आता हसू नका. शेजारच्या मळ्यातले दोन सख्खे भाऊ तासाभराच्या पाण्यावरून कोर्टात गेले होते. विहीर आटली, भाऊ म्हातारे झाले, तरी तारखा चालूच होत्या. आमच्या या तीन घरांत मात्र आजवर पाण्यावरून आवाज चढला नव्हता, कारण तात्या भोंगा झाला की सख्ख्या मुलाच्या वाफ्याकडं निघालेलं पाणीसुद्धा फिरवायचे. त्यामुळं तात्यांपुढं कोण बोलणार? आबांनी मान हलवली.

म्हणजे शर्यतीला महिना, आणि त्यातले दोन हिस्से दिवस सायकल दुसऱ्याच्या घरी!

बरं, ती जशी जाईल तशी परत यावी की नाही? काकूच्या पाळीहून ती आली ती कॅरिअर लावून. "दळणाचा डबा कुठं ठिवू रं? डोक्यावर?" तात्यांच्या पाळीहून आली तेव्हा तिला जाड लोखंडी स्टँड होता, कारण मिलिटरीत कुठलीही वस्तू भिंतीला टेकून उभी राहत नाही. पुढं मडगार्डं आली. मग डायनामो आला, त्याच्याबरोबर कंदिलाएवढा दिवा आला. आबांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला न विचारता एक गोष्ट केली, आणि ती म्हणजे मोठी घंटी बसवली. "तुझ्याच जिवासाठी रं," असं ते म्हणाले, तेव्हा हंबीररावाला काढ म्हणायचा धीर झाला नाही. वैरणीचा भारा बांधायला अर्जुनानं मागं दोन आकडे लावले. आणि काकूला एक मोठा शोध लागला. ती सायकल चालवत नसे, हातात धरून चालत असे, आणि चालता चालता तिच्या लक्षात आलं की या वाकड्या हँडलला दुधाच्या किटल्या काय झकास अडकतात!

"लय अक्कल वापरलीया बनवणाऱ्यानं," ती कौतुकानं म्हणाली.

"हलकी घे म्हटलं होतं," प्रबुद्ध सायकल एका हातानं उचलायचा प्रयत्न करून म्हणाला. मग त्यानं दोन्ही हात लावले. मग सोडून दिली.

हंबीरराव आपल्या पाळीच्या दिवशी जीव तोडून सराव करायचा. पॅडल खाली गेलं की त्याचा पाय त्याच्यामागं जायचा, पायामागं कंबर, कंबरेमागं सगळा हंबीरराव. लांबून बघणाऱ्याला वाटे, सायकल एकटीच चालली आहे आणि तिच्यावर कुणीतरी सदरा वाळत घातला आहे. पण पठ्ठ्या हटला नाही. एक मिनिट वाया जाऊ नये म्हणून तो भोंग्याच्या आधीच पाळीवाल्याच्या मागं जाऊन उभा राहायचा. एकदा तर अर्जुना भलाथोरला वैरणीचा भारा सायकलीवर लादून अर्ध्या वाटेत आला होता, तेवढ्यात भोंगा झाला.

"पाळी माझी!" हंबीरराव म्हणाला.

"आरं, घरापतुर तर..."

"बारा म्हंजे बारा!"

अर्जुनानं निमूटपणे भारा उतरवला, डोक्यावर घेतला आणि चालू लागला. तात्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी हंबीररावाच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! अशी शिस्त पायजे!" हंबीरराव फुशारला. तो फुशारला याचं मला आजही वाईट वाटतं.

शर्यत होती रविवारी. शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंतची पाळी नेमकी काकूची होती. हंबीररावानं तिच्या पुढं लोटांगण घातलं. पुढच्या आपल्या तीन पाळ्या देतो म्हणाला, महिनाभर दळण आणून देतो म्हणाला. काकूनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"आरं, नोकरी लागू दे तुला. दळणाचं काय! पर तीन पाळ्या घेते हां मी."

रविवारी दुपारी बारानंतरची पाळी तात्यांच्या घराची होती. त्याची हंबीररावाला फिकीर नव्हती. शर्यत सकाळी आठला सुटणार, दहाच्या आत सगळा निकाल. बारा वाजेपर्यंत तो गळ्यात हार घालून परत घरी!

शनिवारी संध्याकाळी त्यानं आणि प्रबुद्धनं मिळून सायकल सोलून काढली. कॅरिअर, स्टँड, मडगार्डं, डायनामो, दिवा, आकडे, सगळं अंगणात मांडून ठेवलं. तो ढीग सायकलपेक्षा मोठा झाला. आबांची घंटी मात्र त्यानं राहू दिली. रात्री त्याच्या आईनं देवापुढं दिवा लावला आणि फक्त एवढंच म्हणाली, "पडू नको." तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज त्याला गोड लागला.

रविवारी सात वाजता हंबीरराव इस्लामपुरात हजर! पाठीवर चौदा नंबरचं कापड. प्रबुद्धला पंचांच्या जीपमध्ये जागा मिळाली होती. आठ वाजले. झेंडा दाखवायला कारखान्याचे उपाध्यक्ष यायचे होते. साडेआठ वाजले. साहेब निघालेत, असं कुणीतरी म्हणालं. नऊ वाजले. साहेब खरंच निघालेत, असं दुसरं कुणीतरी म्हणालं. साडेनऊला समजलं, की साहेब निघाले होते पण वाटेत एका लग्नात शिरले. गडी ताटकळले म्हणून आयोजकांनी वडे आणि जिलेबी वाटली. गड्यांनी हात मोकळा सोडून खाल्ली. हंबीररावानं मात्र आपला वाटा शेजारच्या गड्याला देऊन टाकला. दहा वाजले, त्यानं घड्याळ कानाला लावून बघितलं. साडेदहा वाजले, त्यानं प्रबुद्धचंही घड्याळ बघितलं.

"गड्या, तुझ्या तोंडाचा रंग उडालाय," प्रबुद्ध म्हणाला. "भ्यायलास का शर्यतीला?"

"शर्यतीला न्हाई रं," हंबीरराव घड्याळाकडं बघत म्हणाला. "बाराला!"

कारण इस्लामपूर-सांगली रस्ता हंबीररावाच्या दारावरूनच जात होता. आष्टा ओलांडलं की थोड्या अंतरावर त्याचं गाव, आणि रस्त्याला लागूनच ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीवर भोंगा!

सव्वाअकरा उलटून गेल्यावर साहेब आले. त्यांनी सायकलचं जीवनातलं स्थान यावर थोडं भाषण केलं, आणि झेंडा हलवला.

हंबीरराव सुटला तो सुटला! इतरांच्या पोटात वडे होते, ते चढाला खाली ओढत होते. याच्या पोटात नुसती भीती होती, आणि ती पुढं ढकलत होती. कमरेचा लंबक डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं! आष्ट्यात शिरताना त्याच्या पुढं कुणी नव्हतं. आष्टा सोडताना त्याच्या मागंही लांबपर्यंत कुणी दिसत नव्हतं. पहिला! खरोखर पहिला! आपलं नशीब आपल्याला घाबरलं असावं, असं त्याला त्या पाच मिनिटांत वाटलं.

गाव दिसलं. सगळं गाव रस्त्याच्या दुतर्फा! "हंबीऱ्या! हंबीऱ्या!" पोरांनी आरोळ्या ठोकल्या. आई दिसली, आबा दिसले. आणि रस्त्याच्या बरोबर मध्ये, छाती पुढं काढून, उजवा हात आडवा करून नाथाजी तात्या दिसले.

त्याच क्षणी भोंगा झाला.

"हाल्ट!" तात्या ओरडले.

हंबीररावानं ब्रेक दाबला. न दाबता चुकवून गेला असता तर? हाच प्रश्न नंतर प्रबुद्धनं त्याला निदान पन्नास वेळा विचारला. पण लहानपणापासून तात्यांच्या "हाल्ट"वर त्या घरातली म्हैससुद्धा थांबत होती, तिथं हंबीररावाचं काय!

"बारा वाजले," तात्या म्हणाले. "पाळी अर्जुनाची."

"तात्या! शर्यत! नोकरी! मी पहिला हाय तात्या!"

"आवं भावजी, एवढ्यापुरतं जाऊ द्या की त्येला!" काकू धावत आली. "माझ्याकडनं आणिक पाळ्या घ्या!"

तात्यांचा चेहरा एकदा हलला. मी खोटं सांगणार नाही, त्यांनाही वाईट वाटलंच. पण तिकडं विहिरीवरच्या मोटरचं बेअरिंग सकाळीच गेलं होतं. तिन्ही घरांनी नुकत्याच लावलेल्या उसाला आजच पाणी हवं होतं. रविवारचं दुकान सांगलीत एक वाजता बंद होणार होतं, आणि एसटी नुकतीच निघून गेली होती.

"आज सायकलीची पाळी मोडली, की उद्या विहिरीची मोडंल," तात्या म्हणाले. "आणि बेअरिंग आलं न्हाई तर तुझ्याच आईचा ऊस वाळंल. अर्जुनाला तूच म्हणालास न्हवं, बारा म्हंजे बारा?"

बी.कॉम.ला असलं काही शिकवत नाहीत. तो खाली उतरला. अर्जुनाच्या खिशात मोटर खोलायचा पाना होताच. त्यानं विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, सीटचा नट ढिला केला, सीट वर ओढली आणि दांडीवर टांग टाकली.

"आयला! आता बसली बघ!" तो आनंदानं म्हणाला, आणि गेला!

तो गेला आणि लांबच्या वळणावर बाकीचे स्पर्धक दिसायला लागले. ते आले, हंबीररावाच्या समोरून घंटा नसलेल्या हलक्या, मापाच्या सायकलींवरून सूं सूं करत निघून गेले. सगळ्यात मागून पंचांची जीप आली, आत पंच वडे-जिलेबी पचवत घोरत होते. प्रबुद्धनं हंबीररावाला उभा बघितला, हात धरून आत ओढलं. हंबीररावानं सांगलीपर्यंत गुडघ्यांत डोकं घालून ठेवलं.

जीप पोचली तेव्हा सांगलीत नुसता गोंधळ चालला होता. पहिला गडी वाऱ्यासारखा आला होता, म्हणे. फीत छातीनं तोडली, आणि थांबलाच नाही! बँडवाले वाजवत राहिले, हार घेतलेला कारखान्याचा अधिकारी पन्नास पावलं मागं पळाला, पण गडी "दुकान बंद हुईल!" असं ओरडत फितीसकट बाजारपेठेत नाहीसा झाला. पाठीवर नंबर होता की नाही, कुणालाच धड दिसलं नव्हतं. फितीजवळच्या पंचांनी हिशेब लावला. बाकी सगळे नंबर आले, चौदा तेवढा राहिला. म्हणजे पहिला आला तो चौदाच!

आणि चौदा नंबर जीपमधून उतरला.

"हा बघा! सापडला!" कुणीतरी ओरडलं. पुढच्या क्षणी हंबीरराव चार माणसांच्या खांद्यांवर! गुलाल, हार, बँड!

"आवं, मी न्हाई... ऐका तरी... मी जीपमधनं..."

"बघा, नम्रता बघा!" अधिकारी माइकवर म्हणाले. "अशीच माणसं आपल्या कारखान्याला हवी आहेत! उद्यापासून या!"

उद्यापासून! हंबीररावानं वरून प्रबुद्धकडं बघितलं. प्रबुद्ध आभाळाकडं बघत होता. हंबीररावानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एवढ्या उंचीवरून त्याला आयुष्यात पहिल्यांदाच सगळं नीट दिसत होतं. घरी दारात वाट बघणारी आई दिसत होती. टाइम ऑफिसातली खुर्ची दिसत होती. खरं सांगायचं तर त्यानं नंतर काय केलं असतं, हे त्यालाही माहीत नाही.

कारण गर्दीतून वाट काढत निळी रेसर आली. हँडलला कागदात गुंडाळलेलं बेअरिंग, आणि अर्जुनाच्या गळ्यात फीत.

"सायेब," तो नम्रपणे म्हणाला, "मघाशी ही पट्टी माझ्या गळ्यात अडकली. घाईत थांबता आलं न्हाई. मागनं धा-पंधरा जण नेट लावून येत हुते, म्हटलं वाट दिली तर दुकान गाठत न्हाई. कुणाची असंल ती घ्या."

बँड थांबला. हंबीररावाला खांद्यांवरून इतक्या हळू खाली ठेवण्यात आलं, की ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

मग चौकशी झाली. ज्याचं नाव होतं तो आला नव्हता, आणि जो आला होता त्याचं नाव नव्हतं. अधिकाऱ्यांनी अर्जुनाच्या मांड्यांकडं बघितलं आणि नियमाचं बघू म्हणून त्याला विचारलं, "तू करतोस का नोकरी?"

"न्हाई बा!" अर्जुना दचकून म्हणाला. "मला मोटर बसवायची हाय. ह्या हंबीररावाला द्या की. हा हुशार हाय."

पण नोकरी दुसरा आलेल्या गड्याला मिळाली. तो त्याच्या मापाच्या एका तांबड्या रेसरवर आला होता. हंबीररावानं ती सायकल कुठून घेतली ते त्याला विचारलं नाही. काही गोष्टी माणसानं विचारू नयेत.

परत येताना अर्जुना चालवत होता आणि हंबीरराव पुढं दांडीवर बसला होता. मांडीवर बेअरिंग, आणि त्या बेअरिंगवर टपटप डोळ्यांतलं पाणी. अर्जुना बिचारा दर दोन मैलांनी म्हणत होता, "माझं चुकलं का रं?" आणि हंबीरराव दर दोन मैलांनी म्हणत होता, "न्हाई रं." घरी आई दारातच उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी मोटर चालू झाली. पाणी खळाळत आलं, आणि पहिली पाण्याची पाळी आबांच्या घराची. तिन्ही घरं खुशीत होती. शर्यतीचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. हंबीरराव हातात खोरं घेऊन उसाच्या सरीत उभा होता. एक सरी भरली की पाणी दुसरीत वळवायचं. एवढंच काम, आणि त्याला कायम नोकरीची ऑर्डर लागत नाही.

बांधावरून जाताना चंद्राकाकू थबकली.

"हंबीरा, आरं ते पाठीवरचं चौदा नंबरचं कापड तरी काढ की!"

"ऱ्हाऊ दे काकू," हंबीरराव पाण्याकडं बघत म्हणाला. "दुपारी त्याच्यापायीच लोकांनी उचलून घेतलं. अजून कुणी तरी यील."

पाठीमागं पावलं वाजली. खरंच कुणीतरी घाईनं येत होतं. तो वळला.

तात्या होते.

"हंबीऱ्या! खाली बांध फुटलाय, पाणी समदं वढ्याला चाललंय! ध्यान कुठं हाय तुझं?"